सहा जुनी कार्डं आणि ओळंबा फेरी

२ फेब्रुवारी

संगणकात पडद्यावरचं चित्र काढणारी ही सहाही कार्डं आज टेबलावर वर्तमानपत्र पसरून ओळीने मांडली. सगळ्यांत तरुण सात वर्षांचं, सगळ्यांत म्हातारं अकरा. त्यांची खरी नावं म्हणजे नुसते आकडे, ते बाबांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नेहमीसारखी आमची नावं दिली: बुटकं, लांबोडं, दोनपंखी, तीनपंखी, काळं आणि ठिगळ. ठिगळाचा मूळचा पंखा मोडला होता, त्याला मी कुठल्याशा मेलेल्या कार्डाचा पंखा तारेने बांधलाय.

मासिकाच्या संपादकबाईंनी माझं इंटरनेटवरचं पान वाचून विचारलं होतं, की ही जुनी ग्राफिक्स कार्डं आजच्या खेळांना कितपत पुरतात यावर तुलनेचा लेख द्याल का. सहा वर्षं पानावर लिहितेय, पण कागदावर छापून येणार ते पहिल्यांदाच. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आता मला गणवेश शिवावा लागणार."

बाईंनी हेही विचारलं, की तुमच्या पानावर ती ओळंबा फेरी म्हणून असते ती काय भानगड आहे? त्यांना कळवलं ते इथेही लिहून ठेवते. माझे वडील एकतीस वर्षं मालधक्क्यावर क्रेन चालवत होते. बोजा असा सरळ आणि अलगद उतरवायचे, की सोबतचे त्यांना गवंड्याचा ओळंबा म्हणत. खेळांमध्ये कार्डाची चाचणी घ्यायची तयार सोय असते, पण ती परीक्षेला बसलेल्या मुलासारखी. कार्डं तिथे शहाण्यासारखी वागतात आणि खरं खेळायला घेतलं की रडतात. म्हणून आम्ही गाड्यांच्या खेळातली घाटातली एकच फेरी घेतो. पेट्रोल पंपापासून निघायचं, बोगदा, पाण्याच्या टाकीचं वळण, पुलावर संपवायचं. प्रत्येक कार्डावर तीनदा. चालवणारा हात दर वेळी तसाच हवा, नाहीतर तुलना फुकट. बाबांच्या फेरीला एक मिनिट सत्तेचाळीस सेकंद लागतात, अर्धा सेकंद इकडे किंवा तिकडे. मी चालवली की कधी दीड मिनिट, कधी गाडी दरीत.

ते स्टिअरिंगपुढे बसतात. मी त्यांच्या उजवीकडे, छोट्या पडद्याशी, त्यांच्याकडे पाठ करून. त्या पडद्यावर सेकंदाला किती चित्रं पडतायत तो आकडा पळत असतो. मागे स्टँडवर मोबाइल, त्यात मोठा पडदा आणि बाबांचे हात दोन्ही येतात. ते चित्रण ठेवावंच लागतं, नाहीतर वाचक म्हणतात बाईने आकडे मनाने घातले.

५ फेब्रुवारी

बुटकं: सेकंदाला सरासरी एकतीस चित्रं, तळ, म्हणजे सगळ्यांत कमी, चोवीस. म्हणजे खेळता येतं, पण खेळणाऱ्याचा स्वभाव चांगला हवा. ठिगळाने सुखद धक्का दिला, सरासरी अडतीस. बाबांना मी सरासरी सांगितली की ते तळ विचारतात. "बोजा सरासरी चांगला उतरला असं कधी असतं का? एकदा आपटला की आपटला."

बुटक्याचा पंखा भयंकर ओरडतो. बाबा म्हणाले, "हे अगदी तुझ्या मावशीवर गेलंय. काम थोडं, आवाज फार."

तीन-तीन फेऱ्या, सगळ्या सत्तेचाळीसच्या आसपास. आमची जोडी चांगली आहे.

६ फेब्रुवारी

सकाळी दूध उतू गेलं. बाबा समोरच उभे होते. मी म्हटलं, "डोळे उघडे ठेवून झोपलात का?" ते म्हणाले, "आत्ता तर ठेवलं होतं!" ओटा पुसण्यात अर्धा तास गेला, बाकी काही नाही.

११ फेब्रुवारी

काळं ठीक. मग लांबोडं लावलं. याच्यावर माझी फार भिस्त आहे; दहा वर्षांचं, पण त्या काळातलं सगळ्यांत दणकट. पहिली फेरी झकास, सरासरी बावन्न. दुसरीत टाकीच्या वळणावर गाडी सरळ कठड्यात.

बाबा कधी कठड्यात जात नाहीत. मी वळून बघितलं तर पडद्याकडे रागाने बघत होते.

"अडकलं," म्हणाले.

"कुठे?"

"चित्र थांबलं आणि एकदम पुढे गेलं. मी वळणाच्या अलीकडे होतो गं. मग एकदम कठडा. मधलं गायब."

माझ्या पडद्यावर तर आकडा बावन्नवरून हलला नव्हता. पण तो सेकंदाला एकदाच बदलतो, मधली अडखळ त्यातून निसटू शकते.

"आणि जळका वास येतोय. रबर जळाल्यासारखा."

मी घाबरून बंद केलं, पेटी उघडली, कार्डाला नाक लावून हुंगलं. काही नाही. तापमान चौसष्ट, म्हणजे लाजण्यासारखं नाही. पण बाबांना क्रेनच्या मोटारीचा वास मोटार जळायच्या आधी यायचा म्हणे. तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: अडखळ. जळका वास. कार्डाचा दोष.

१२ फेब्रुवारी

लांबोडं परत करून आले. जुन्या मालाचे दुकानदार, ज्यांना मी शेठ म्हणते, ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले.

"मॅडम, तीन दिवस मी स्वतः चालवलंय हे."

"मग तुमचं नाक बंद असेल."

"नाक म्हातारं झालं असेल, कान नाही. कार्ड अडखळलं की पंख्याचा सूर बदलतो."

"शेठ, माझ्या वडलांच्या हाताला जे कळतं ते तुमच्या कानाला नाही कळणार."

हे मी गिऱ्हाइकांसमोर बोलले. बोलायला नको होतं. त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं. "तुमच्या शब्दावर घेतो परत. आजवर माझ्या दुकानातून कुणी असलं नेलं नव्हतं." या खेपेला नेहमीसारखं बसायला स्टूल पुढे केलं नाही.

१६ फेब्रुवारी

आता दोनपंखीही अडखळतंय! या वेळी बोगद्यात. फेरीला एक त्रेपन्न. बाबांनी हात झटकले, "हेही तसलंच निघालं. सगळा कचरा आणलायस."

दोन कार्डांना एकच आजार म्हणजे दोष कार्डात नसणार. वीजपुरवठ्याच्या डब्यावर माझा संशय आहे.

१८ फेब्रुवारी

डबा बदलला, केबल बदलली, मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या, कार्डांची प्रणाली समूळ पुसून नव्याने टाकली. पाठ मोडून आली. बाबा चहा घेऊन आले, कप माझ्या हातात द्यायला पुढे केला आणि नुसतेच धरून राहिले. मी कप ओढून घेतला तेव्हा म्हणाले, "घे की." मी म्हटलं, "घेतलाय की!" दोघं हसलो.

१९ फेब्रुवारी

भांडण झालं.

आज प्रत्येक चित्राला लागलेला वेळ वेगळा नोंदवायचा प्रोग्रॅम लावला. एका फेरीत साडेपाच हजार चित्रं, प्रत्येकाचा हिशेब. दोनपंखीच्या तिसऱ्या फेरीत बाबा परत म्हणाले, अडकलं. मी आलेख काढला. पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. चित्र पाव सेकंद जरी थांबलं असतं तरी तिथे डोंगर दिसला असता.

"बाबा, हे बघा. कुठेही थांबलेलं नाही."

"मग तुझा आलेख आंधळा आहे."

"आलेख खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलतो?"

आलेख जवळ घेऊन परत बघत बसले, जणू त्यात उत्तर आहे. एका शब्दाचं तर उत्तर होतं.

२० फेब्रुवारी

गप्प आहेत. जेवताना म्हणाले, "उद्या आपण ते…" आणि पुढचं वाक्य टाकून दिलं. शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिले. "काय ते?" मी विचारलं. तर माझ्याकडे बघून म्हणाले, "काय काय?"

टोमणा होता. मी पण मग ताट उचलून उठले.

२४ फेब्रुवारी

ताईचा फोन. ती लांब राहते, तिला आमचं सगळं गमतीचं वाटतं. "दोघं बसून खेळता आणि त्याला काम म्हणता. बहात्तर वर्षांच्या माणसाला काय गं कठड्यात घालतेस? डोळे तपासून घे त्यांचे."

हे मला सुचलं नव्हतं. लगेच चष्मेवाल्याकडे घेऊन गेले. तासभर तपासून तो म्हणाला, आजोबांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. बाबा येताना रस्ताभर खूश. मी मात्र नाही. डोळे चांगले, कार्डं चांगली, आलेख सरळ. मग उरलं काय? लक्ष नाही त्यांचं. कंटाळलेत, आणि कबूल करायचं नाही म्हणून कार्डावर ढकलतायत. असं मनात आलं. लिहिताना बरं वाटत नाही, पण आलं.

२७ फेब्रुवारी

लेखाची मुदत चार मार्च. आज मार्ग सापडला. या खेळात एखादी फेरी नोंदवून ठेवली तर ती हुबेहूब परत चालवता येते. जानेवारीत बाबांनी माझ्या पानासाठी केलेली एक फेरी जपून ठेवलेली होती, एक मिनिट सत्तेचाळीस पूर्णांक एक. तीच पाचही कार्डांवर तीन-तीनदा चालवली. कुणी बसायला नको. एका दुपारीत काम संपलं. कुठेही अडखळ नाही.

बाबा दारात उभे राहून बघत होते. समोर गाडी पळतेय, स्टिअरिंग आपोआप वळतंय, खुर्ची रिकामी.

"कोण चालवतंय?"

"तुम्हीच. जानेवारीतले."

"आणि फेब्रुवारीतला?"

मी कामात होते. म्हटलं, "त्याला आता विश्रांती. तुमच्यापेक्षा तुमची नोंद भरवशाची आहे, बाबा."

विनोद म्हणून म्हटलं. पण ते विनोदासारखं निघालं नाही, हे मला म्हणतानाच कळलं. ते म्हणाले, "बरं झालं. यंत्राला यंत्रच बरं," आणि बाहेर जाऊन बसले.

एक गोष्ट टोचतेय. पाचही कार्डं निर्दोष निघाली, तर लांबोडंही निर्दोष असणार का? पण ते आता माझ्याकडे नाही, आणि शेठकडे जाऊन परत मागायचं तोंड नाही.

४ मार्च

लेख पाठवला. तक्ता देखणा झालाय. तीनपंखी पहिलं, दोनपंखी दुसरं, ठिगळ अनपेक्षित तिसरं. लांबोड्यापुढे लिहिलं: "आमच्या चाचणीत सदोष आढळले, घेऊ नये." दोनदा खोडलं, दोनदा लिहिलं. शेऱ्यात जे नोंदवलं ते छापायचं, असाच माझा नियम आहे.

चित्रणातले फोटोही पाठवले. संपादकबाईंना फक्त पडदा हवा होता, म्हणून खालची अर्धी चौकट कापून टाकली. बाबांचे हात गेले सगळे.

९ मार्च

बाबांनी स्टिअरिंगवर जुना टॉवेल घातलाय, चारी बाजूंनी नीट खोचून.

"हे कशाला?"

"धूळ बसते."

१४ मार्च

बाबा जिन्यात पडले. पाव आणायला निघाले होते. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना आवाज आला, त्या धावल्या. मी पोचले तेव्हा बाबांचं सगळं अंग झटके देत होतं, डोळे वर. शिंपीणबाई म्हणत होत्या, धरू नका, मान तेवढी सांभाळा. उजवं मनगट भलत्याच दिशेला.

१५ मार्च

शुद्धीवर आहेत. मला ओळखलं. "पाव राहिला," म्हणाले.

मनगटाचा चुरा झालाय. पट्ट्या आणि स्क्रू घालावे लागणार. पण खरी गोष्ट ती नाही. मेंदूच्या आवरणाला, डाव्या कानाच्या वरच्या अंगाला लिंबाएवढी गाठ आहे. डॉक्टरबाई शांत आवाजाच्या आहेत. म्हणाल्या, या जातीची गाठ बहुधा साधी असते, काढता येते.

मग विचारलं, "याआधी कधी असं? झटका नाही, पण दोन-चार सेकंद हरवल्यासारखं? मधेच थांबणं, हाताने उगाच चाळा, नसलेला वास येणं?"

मी म्हटलं, "नाही. माझे बाबा फार एकाग्र आहेत. क्रेन चालवायचे."

त्यांनी कागदावर लिहून घेतलं: नाही.

रिक्षात बसल्यावर मला वास आठवला.

१७ मार्च

बाबांचे कपडे न्यायला घरी आले. ताईला फोटो पाठवायचा होता, तर मोबाइल म्हणाला, जागा नाही. म्हणून चाचण्यांची चित्रणं पुसायला घेतली. पुसायच्या आधी ११ फेब्रुवारीचं उघडलं. न कापलेलं.

लांबोडं, दुसरी फेरी. या वेळी मी पडद्याकडे बघितलं नाही. खाली बघितलं. टाकीच्या वळणाच्या आधी बाबांचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटतो. शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी जातो, ते चाचपतो. जबडा हलतो, काही चावत असल्यासारखा. डावा हात चाकावर नुसता ठेवलेला. वर गाडी रस्त्यावरून सुरळीत जातेय, एकही चित्र न चुकता, थेट कठड्याकडे. सहा सेकंद. मग हात परत चाकावर येतो आणि बाबा म्हणतात, "अडकलं."

चौकटीच्या उजव्या कडेला माझी पाठ दिसते. हातभर अंतरावर.

सगळी बघितली. फेब्रुवारीतल्या एकवीस फेऱ्या, त्यात सहा वेळा. तीन वेळा त्यांनी सांगितलं होतं. उरलेल्या तिन्हीत रस्ता सरळ होता, म्हणून गाडी कुठे आपटली नाही, वेळही चुकली नाही, आणि मी तक्त्यात लिहिलं: उत्तम. पहिली तर ५ फेब्रुवारीचीच आहे, बुटक्यावर, पुलावर. मावशीचा विनोद त्याच्यानंतर दोन मिनिटांनी आहे. त्यात मी हसतेय.

ते खोटं बोलत नव्हते. चित्र खरंच थांबत होतं आणि एकदम पुढे जात होतं. मी सगळं बदलून बघितलं, डबा, केबल, मेमरी, कार्डं. एका माणसाकडे वळून बघायचं राहिलं.

१८ मार्च

डॉक्टरबाईंना लॅपटॉप नेऊन दाखवला. तक्ताही दिला, शेऱ्याच्या रकान्यासकट. आधी सांगितलं, "त्या दिवशी मी 'नाही' म्हटलं ते चूक होतं. खोडा." त्यांनी खोडलं. सहाही तुकडे नीट बघितले, काही दोनदा. मग म्हणाल्या, "इतकी व्यवस्थित नोंद मला आजवर कुणी आणून दिलेली नाही. तारीख, वेळ, सेकंद."

कौतुक इतकं लागू शकतं हे मला माहीत नव्हतं.

मी विचारलं, महिनाभर आधी आलो असतो तर? म्हणाल्या, गाठ कित्येक वर्षांची आहे, महिन्याने तिला काही फरक पडला नसता. मी म्हटलं, "आणि पडणं?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "गोळ्या सुरू असत्या तर बहुधा टळलं असतं. पण तुम्हाला कसं कळणार होतं?"

मी तक्त्याकडे बघत राहिले.

३ एप्रिल

गाठ निघाली. साधीच होती. डोक्याला मुंडासं बांधल्यासारखी पट्टी. ताई आलीय, सारखी रडते आणि सारखी सफरचंदं कापते.

ती झोपल्यावर बाबांना सांगितलं, सगळं. चित्रण, बटण, सहा वेळा. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे आलेख आंधळा नव्हता."

"नव्हता. मी होते."

"जाऊ दे गं. मलाच कुठे कळलं? मी तर त्या बिचाऱ्या कार्डाला शिव्या घातल्या."

त्यांनी माफ करू नये असं वाटत होतं. निदान इतक्या पटकन तरी.

८ एप्रिल

मासिकाचा अंक आला. तक्ता रंगीत आहे. "सदोष आढळले, घेऊ नये" हे जाड अक्षरात. ताईने बाबांना वाचून दाखवायला घेतलं, मी अंक काढून घेतला.

संपादकबाईंना दुरुस्ती पाठवली. पुढच्या अंकात घेतील. चार वेळा लिहिली, शेवटी दोनच वाक्यं ठेवली: "त्या कार्डात दोष नव्हता. चूक चाचणी घेणारीची होती."

२१ एप्रिल

शेठच्या दुकानात गेले. पायरीवर जरा थांबले, मग गिऱ्हाइकं जायची वाट न बघता आत गेले. बोलले होते गिऱ्हाइकांसमोर, तर माफीही त्यांच्यासमोरच मागावी. सगळं सांगितलं. शेठ ऐकत असताना हातातला पेचकस पुसत होते, पुसलेलाच परत पुसत होते.

"लांबोडं परत द्याल का?" मी विचारलं. "मला त्याची चाचणी घ्यायचीय. नीट."

"कुठलं देऊ, मॅडम? तुम्ही सदोष म्हणालात, मग ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात कसं मारणार? सुटं केलं. पंखे एकाला गेले, तांब्याच्या नळ्या एकाला." कपाटातून कार्डाची नुसती हिरवी पाटी काढून दिली, चिप उपटलेली, मधोमध चौकोनी डाग. "एवढं राहिलंय."

चांगलं होतं ते. माझ्या शब्दावर मोडलं गेलं.

निघताना त्यांनी पायाने स्टूल पुढे सरकवलं. "बसा. ओळंबा कसे आहेत ते तर सांगा."

पाटी आणली. टेबलावर पाच कार्डांच्या ओळीत, तिच्या जागी ठेवलीय.

५ मे

मनगट अर्धंच वळतं. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, अजून थोडं सुटेल, पूर्वीसारखं नाही. बाबा चमचा डाव्या हातात धरायला शिकतायत. वरण शर्टावर सांडलं तर म्हणाले, "बोजा सरासरी चांगला उतरला."

मी हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

१८ मे

डॉक्टरबाईंना मागच्या खेपेला विचारलं होतं, खेळ खेळले तर चालेल का. म्हणाल्या, गोळ्या लागू पडल्यात, दमले की थांबवा. "खेळातली गाडी चालवू दे. रस्त्यावरची नको." बाबा म्हणाले, "रस्त्यावरची मला येतच नाही, मी क्रेनवाला."

तरी दोन आठवडे टॉवेल तसाच होता. मी काढला नाही. काढायचा हक्क मला आहे असं वाटेना. आज दुपारी चहा झाल्यावर बाबा स्वतःच आत गेले. डाव्या हाताने खोचलेली टोकं एकेक सोडवली, टॉवेलची घडी घालायचा प्रयत्न केला, नाही जमली, खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"कुठलं लावलंयस?"

"ठिगळ."

"असू दे. आपल्यासारखंच आहे. आकड्यांचा पडदा लाव."

तो लावला. पण माझी खुर्ची उचलून त्यांच्या डाव्या बाजूला आणली, त्यांच्याकडे तोंड करून. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा खुर्चीकडे बघितलं.

पेट्रोल पंप. डावा हात चाकावर वरच्या बाजूला, उजवा खाली नुसता टेकवलेला, त्याची बोटं चाकाबरोबर थोडी थोडी येत होती. पंजाच्या मागे टाक्यांची गुलाबी रेघ. बोगद्यात डाव्या हाताने नखं पांढरी होईपर्यंत चाक दाबून धरलं. टाकीचं वळण आलं. उजवा हात उचलला गेला. बटणाकडे नाही गेला. डाव्याच्या मदतीला चाकावर आला, जमेल तेवढा वळला, दुखला असणार कारण ओठ घट्ट मिटले, आणि परत खाली जाऊन बसला. त्यांचे डोळे पूर्ण वेळ रस्त्यावर होते. पापणी लवली तेही मी बघितलं.

पूल आला. दोन मिनिटं एकोणतीस सेकंद, मोठ्या पडद्यावर आपोआप आलं ते. बाबांनी मान मागे टेकवली. कपाळावर घाम होता.

"अडकलं का कुठे?" मी विचारलं.

"नाही. सरळ गेली." मग म्हणाले, "किती आले? तळ सांग आधी."

मी छोट्या पडद्याकडे वळले. फेरी संपली होती, आकडा शून्यावर होता.

"बघितलं नाही, बाबा."

"बघितलं नाही?" ते माझ्याकडे वळले, खरंच चकित झालेले. "अगं, मग इतका वेळ बघत काय होतीस?"